मंगळवारची बारी: कोल्हापुरातील एका पबमध्ये सुरू झालेल्या ओपन माइकचा प्रकरण अभ्यास

कोल्हापूरच्या ताराबाई पार्क परिसरातील एका पबमध्ये डिसेंबर २०२४ ते मे २०२५ या सहा महिन्यांत, महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी, हौशी कलाकारांसाठी ओपन माइक, म्हणजे वहीत नाव लिहून कुणालाही काही सादर करता येईल असा खुला मंच, भरवला गेला. एकूण १२ रात्री झाल्या. नावनोंदणीची वही माझ्याकडे होती, निवेदन बहुतेक वेळा मीच केले आणि जे निर्णय चुकले त्यांतील बरेचसे माझेच होते. नवख्या माणसाचे स्वागत झाले की नाही, हे दारावरच्या फलकापेक्षा त्या रात्रीची क्रमवारी, माईकची लेव्हल आणि पहिल्या दोन बाऱ्यांना (म्हणजे सादरीकरणाच्या पाळ्यांना) मिळालेली शांतता यांवर ठरते, असे माझे मत या काळात बनले. ते कसे बनले, याचा हा वृत्तान्त आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूरला रंगमंचाची कमतरता कधी नव्हती. गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा आहे. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले नाट्यगृह पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि गावातल्या हौशी नाटकवाल्यांच्या कित्येक पिढ्या तिथे घडल्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, हे नाट्यगृह आगीत जळाले. त्या रात्री खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभे राहून रडणारी माणसे मी पाहिली आहेत. पुढचे काही आठवडे गावात जिथे तिथे रंगमंचाचाच विषय होता आणि त्याच चर्चांमधून एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्याची तालीम झाली आहे, ज्याच्याकडे संस्था आहे, ज्याचे नाव पत्रिकेत छापले जाते, त्याला आज ना उद्या मंच मिळतो. परंतु ज्याने आजवर घराबाहेर एकही कविता वाचलेली नाही, त्याच्यासाठी नाट्यगृह उभे होते तेव्हाही गावात जागा नव्हती.

निदान आधुनिक अर्थाने तरी नव्हती. जुन्या अर्थाने ती होतीच. आपल्याकडच्या चक्री भजनात गायक पाळीपाळीने उठतात आणि नवशिक्या पोरालाही एक अभंग मिळतो. जत्रेतल्या कुस्ती मैदानात मोठ्या जोडीआधी पोराटोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या लागतात आणि त्यांनाही हलगी वाजते. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात पबच्या माडीवर भरणाऱ्या फोक क्लबांत हीच रीत दिसते: मानधन घेणाऱ्या पाहुण्या गायकाआधी जमलेल्यांपैकी कुणीही उठून दोन-तीन गाणी म्हणे आणि त्याला फ्लोअर सिंगर म्हणत. याच्या अगदी उलट नमुना लंडनच्या कॉमेडी स्टोअरचा आहे. १९७९ मध्ये सुरू झालेल्या त्या क्लबात नवख्याचा विनोद पडला की घंटेसारखा गाँग वाजवून त्याला उतरवत. त्या पद्धतीतूनही मोठे कलाकार निघाले, हे मान्य केले पाहिजे. तरीही कोल्हापुरात, जिथे टोमणा मारण्याची कला आधीच उत्तम अवगत आहे, तिथे गाँगची गरज नाही असे माझे ठाम मत होते आणि आजही आहे.

पबच्या मालकांना मी सप्टेंबरमध्ये भेटलो. त्यांचा प्रश्न रास्त होता. "सर, गाणाऱ्यांचं ठीक आहे, पण ऐकणारं गिऱ्हाईक कुठनं आणायचं?" ऐकणारे कुठून येतील हे मलाही ठाऊक नव्हते. मी त्यांना एवढेच म्हणालो की प्रत्येक गाणारा दोन माणसे घेऊन येईल आणि दुसऱ्याचे गाणे संपेपर्यंत ती बसतील अशी व्यवस्था आपण करू. या वाक्याचा पूर्वार्ध पहिल्याच रात्री खरा ठरला, उत्तरार्धासाठी मात्र दोन महिने घालवावे लागले.

वार, तारीख आणि परवाने

वार ठरवताना मालकांनी कोल्हापूरचे गणित मांडले. गावात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार, त्यामुळे पबचा धंदाही त्याच दिवशी. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा आणि मंगळवार अंबाबाईचा. मंगळवारी त्यांचे निम्मे टेबल रिकामे असत. रिकाम्या दिवशी प्रयोग केला तर नुकसान कमी होते, हे धंद्याचे शहाणपण होते. पण मंगळवारचा दुसरा फायदा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आला नव्हता. त्या दिवशी न पिणारे आणि शाकाहार पाळणारे लोक निःसंकोच आत येऊ शकत होते, कारण खोलीतले अर्धे लोक त्यांच्यासारखेच थालीपीठ आणि ताक घेऊन बसलेले असत.

पहिली तारीख आम्ही १९ नोव्हेंबर ठरवली आणि भित्तिपत्रके छापून मोकळे झालो. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान असल्याने, मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांतील मद्यविक्रीबंदी त्या मंगळवारावरच येत होती. पबमध्ये कार्यक्रम करणाऱ्याने आधी ड्राय डेची यादी पाहावी आणि मग दिनदर्शिका, हा धडा आम्ही वाया गेलेल्या पत्रकांच्या किमतीत शिकलो. उपक्रम अखेर ३ डिसेंबरला सुरू झाला.

परवान्यांविषयी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे वय पूर्ण असावे लागते, आणि पिणाऱ्याकडे परवाना असणे अपेक्षित असते. ध्वनी प्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. बंद सभागृहांना त्यात सवलत असली तरी ज्या दालनाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात त्याने त्या सवलतीवर विसंबू नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन परवानगी घेतली. गाण्यांचा मुद्दा सगळ्यांत दुर्लक्षित असतो: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार व्यावसायिक जागेत दुसऱ्याचे गाणे सादर करायचे तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थेचा परवाना लागतो, आणि ध्वनिमुद्रित ट्रॅक वाजवायचा तर त्या मुद्रणाचा हक्क वेगळा. आपल्याकडे रचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून तुकोबांचा अभंग शब्दांपुरता सर्वांचा आहे, मात्र त्याला एखाद्या अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल तशी नाही. मालकांनी परवाना घेतला आणि कराओके ट्रॅक आम्ही पूर्णपणे बंद ठेवले. त्यामागे कायद्याइतकेच आणखी एक कारण होते. मोबाईलवरचा ट्रॅक जुळेपर्यंत चार मिनिटे जातात आणि त्या चार मिनिटांत खोली हातची जाते.

पहिली रात्र

३ डिसेंबरला तळमजल्यावर, बारच्या समोरच, दोन टेबले हलवून जागा केली होती. भाड्याचा साउंड आणला होता. वहीत १२ नावे होती, त्यांपैकी सात माझ्या ओळखीची. प्रत्येकाला दहा मिनिटे असे मी जाहीर केले आणि साडेसातला सुरुवात करून साडेनऊला सगळे आटोपेल असा हिशेब केला. एक जण उतरून दुसरा चढेपर्यंतचा वेळ मी धरलाच नव्हता. गिटारची केबल, तबल्याची हातोडी, "हॅलो, हॅलो, चेक" या सगळ्यात प्रत्येक वेळी बराच वेळ गेला. दहा वाजता माईक बंद करावा लागला तेव्हा चार जण वाट पाहत बसलेले होते. त्यांतला एक इचलकरंजीहून यंत्रमागाची पाळी बदलून आला होता. मी त्याची क्षमा मागितली. तो "असू दे सर" म्हणाला आणि पुन्हा कधी आला नाही.

आवाजाची गोष्ट तर त्याहून वाईट होती. साउंडवाला लग्नाच्या वरातीचा आणि गणपतीच्या मांडवाचा अनुभवी माणूस होता आणि त्याने सवयीप्रमाणे माईकवर भरपूर इको ठेवला होता. गाण्याला तो थोडाफार शोभतो, पण कवितेचा प्रत्येक शब्द मागच्या शब्दावर चढत होता आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्याला फक्त घुमणारा आवाज ऐकू येत होता. बारच्या मागे मिक्सर चालू होता. टीव्हीचा आवाज बंद होता, पण चित्र चालू होते आणि माणसाचे डोळे हलत्या चित्राकडे जातातच.

त्या रात्रीतले एक दृश्य मी विसरू शकत नाही. हुपरीच्या चांदीच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण चौथ्या बारीला उभा राहिला. शर्टाच्या खिशातून त्याने चार घड्या घातलेला वहीचा कागद काढला. एका हातात माईक, दुसऱ्या हातात कागद. हात थरथरत होता, आणि कागद माईकच्या जवळ असल्यामुळे ती थरथर कागदाच्या फडफडीसारखी सबंध खोलीत मोठ्याने ऐकू येत होती. म्हणजे त्याची भीती आमच्या यंत्रणेने दहापट मोठी करून लोकांना ऐकवली. कविता आईच्या हातावरच्या डागांविषयी होती, चांगली होती, आणि ती कुणालाही कळली नाही. मागच्या टेबलावरून कुणीतरी "आवाज!" असे ओरडले. त्याने शेवटचे कडवे गाळले आणि तो खाली बसला.

त्या मुलाची यात काहीच चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेलो आणि म्हणालो की आपण हौशी माणसाला बोलावले, पण त्याला लागणारी एकही गोष्ट तिथे ठेवली नव्हती.

दुरुस्त्या

सर्वांत आधी स्टँड आला. पोथीवाचनाला वापरतात तसा, पण छातीच्या उंचीचा, उतरत्या फळीचा लाकडी स्टँड मंगळवार पेठेतल्या एका सुताराकडून करून घेतला. माईकही स्टँडवर लावला. दोन्ही हात मोकळे झाले की माणूस फळीच्या कडा धरतो आणि थरथर लाकडात जिरते. सबंध उपक्रमात इतक्या कमी पैशांत इतका फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही.

मग माईक. भाड्याने येणाऱ्या माईकचा दर्जा दर वेळी वेगळा असे, म्हणून तिसऱ्या रात्रीपासून आम्ही स्वतःचा शुअर एसएम ५८ घेतला. हा माईक १९६६ पासून जगभरच्या मंचांवर वापरात आहे आणि तो हाताळणीला फार सोशिक आहे. त्याला समोरचा आवाज जास्त आणि मागचा सगळ्यांत कमी ऐकू येतो. म्हणून स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवले तर शिट्टी वाजत नाही, आणि नवख्याने जाळी मुठीत धरली की हा गुणच नाहीसा होऊन माईक किंचाळू लागतो. ओठांपासून दोन बोटांवर माईक ठेवा, जाळीला हात लावू नका, एवढे दोनच वाक्यांचे प्रशिक्षण मी प्रत्येकाला बारीआधी देत असे. मराठीसाठी आणखी एक गोष्ट लागते. आपल्या भाषेत भ, फ, ध, ख ही महाप्राण व्यंजने पावलोपावली येतात आणि त्यांच्याबरोबर सुटणारा श्वास माईकवर धप्पकन आदळतो. 'भाकरी' या शब्दाला स्पीकर हादरलेला मी ऐकला आहे. जाळीवर फोमची टोपी घातली आणि माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित कडेला वळवला, तेव्हा ते थांबले. इको शून्यावर आणायला साउंडवाल्याची समजूत काढावी लागली, कारण त्याच्या मते इको काढला की आवाज 'कोरडा' होतो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण कवितेला तो कोरडेपणाच हवा होता.

वेळेचा हिशेब नव्याने मांडला. साडेसात ते दहा म्हणजे १५० मिनिटे. त्यातून सुरुवातीची पाच आणि मध्यंतराची १५ वजा केली की १३० उरतात. सहा मिनिटांची बारी आणि बदलाची दोन मिनिटे धरली तर १६ जण बसतात. सतरावे नाव आले तर ते पुढच्या वेळच्या यादीत पहिले लिहायचे. 'स्लॉट' हा शब्द आम्ही दुसऱ्याच रात्री सोडला. लोक आपोआप 'बारी' म्हणू लागले होते आणि तमाशा-भजनातून आलेल्या या शब्दात पाळी आणि मान हे दोन्ही अर्थ आहेत. पाच मिनिटे झाली की समोरचा छोटा पिवळा दिवा लागे. तबला सादरकर्त्याने आणायचा नाही, पेटीच्या पांढरी चार या सुराला जुळवलेला एक जोड आम्हीच ठेवू, असेही ठरले, कारण मंचावर तबला लावणे हा श्रोत्यांच्या संयमाचा अंत असतो.

क्रमवारीविषयी आम्ही बराच काळ वाद घातला. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवणे सर्वांत न्याय्य वाटते, पण त्यात कधी कधी पहिल्याच बारीला पहिल्यांदाच माईक धरणारा माणूस येतो आणि अजून न बसलेल्या खोलीसमोर तो एकटा पडतो. अखेर असे ठरले की पहिल्या दोन बाऱ्या अनुभवी माणसांनी घ्यायच्या आणि खोली शांत करून द्यायची; तिसऱ्या बारीपासून नवखे; शेवटच्या दोन बाऱ्या पुन्हा अनुभवी. उरलेला क्रम चिठ्ठ्यांनी. जत्रेच्या मैदानात लहान कुस्त्या आधी लागतात, हे मी वर लिहिले आहे. पण त्याआधी हलगी वाजून मैदान जमलेले असते, हे मला उशिरा उमगले.

बिदागीचा प्रश्न नाजूक होता. हौशी माणूस फुकट गातो आणि त्याच्यामुळे आलेल्या माणसांच्या बिलावर धंदा होतो, हे मला पटत नव्हते. पैसे देण्याइतकी मिळकत नव्हती. एका मित्राने बिअरचे कूपन सुचवले. ते मी नाकारले, कारण भीती मोडायला घेतलेला ग्लास माणसाची जीभ जड करतो आणि आमच्या यादीतील निम्मी मुले तशीही त्या वयाची नव्हती. प्रत्येक सादरकर्त्याला जेवणाचे कूपन द्यायचे आणि बारी झाल्याशिवाय मद्य घ्यायचे नाही, असा नियम झाला.

माडी

आता मूळ अडचणीकडे येतो. पहिल्या तीन रात्रींत मिळून वहीत स्त्रियांची नावे फक्त दोन होती. विद्यापीठातली, राजारामपुरीत खोल्या घेऊन राहणारी १९-२० वर्षांची मुले-मुली चौकशी करत, पण 'पब' म्हटल्यावर घरी काय सांगायचे, या प्रश्नाशी अडत. त्यांना "भिऊ नका" असे सांगण्यात काही अर्थ नव्हता. बारसमोर बसून मुलीने कविता वाचावी आणि शेजारच्या टेबलावर तिसरा पेग चालू असावा, ही परिस्थितीच मुळात स्वागताची नव्हती.

या पबला वरच्या मजल्यावर कौटुंबिक दालन होते. त्याचा जिना बाहेरून, वेगळा होता आणि तिथे फक्त जेवण दिले जाई. चौथ्या रात्रीपासून, म्हणजे २१ जानेवारीपासून, आम्ही ओपन माइक माडीवर नेला. कार्यक्रम संपेपर्यंत वर मद्य नाही, ज्याला घ्यायचे त्याने खाली जाऊन घ्यावे. मालक सुरुवातीला नाखूश होते आणि माझ्या काही मित्रांचा आक्षेप असा होता की मग याला पबमधला ओपन माइक कशाला म्हणायचे. माझे उत्तर असे की पबचा गुण दारूत नसून मोकळ्या बसण्यात असतो: तिथे तिकीट नसते, उशिरा येता येते, बोलता बोलता उठता येते, सत्काराचे हार आणि अध्यक्षीय भाषण नसते. तो गुण आम्ही माडीवर नेला. त्या एका रात्री वहीत स्त्रियांची पाच नावे आली. मालकांनी महिन्याअखेर हिशेब पाहिला तेव्हा मंगळवारी एरवी रिकाम्या असणाऱ्या दालनाचे जेवणाचे बिल उभे राहिलेले होते आणि दहानंतर खाली उतरणारेही काही होतेच. त्यांनी पुन्हा तक्रार केली नाही.

माडीचा तोटाही सांगायला हवा. खिडक्या शेजारच्या अपार्टमेंटकडे उघडत होत्या. पाचव्या रात्री तिथल्या एका गृहस्थांनी येऊन अतिशय सभ्यपणे सांगितले की त्यांच्या आजारी आईला झोप लागत नाही. आम्ही स्पीकर खिडक्यांकडून फिरवून आतल्या भिंतीशी आणले, त्यांची पातळी उतरवली आणि खुर्च्या जवळ ओढल्या. आवाज कमी झाल्यावर लोक अधिक शांत बसू लागले, कारण ऐकायचे तर गप्प बसणे भाग होते. ज्या शांततेसाठी मी दोन महिने निवेदनातून विनवण्या करत होतो, ती एका शेजाऱ्याच्या तक्रारीतून आली.

१८ फेब्रुवारी

शिवजयंतीच्या आदल्या रात्रीचा हा मंगळवार. गावात भगवे झेंडे, तालमींपुढे रोषणाई, रस्त्यावर मिरवणुकांची तयारी. यादीत सातव्या क्रमांकावर एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक होते. डफ त्यांनी स्वतः आणला होता, तुणतुण्याला नातू होता. त्यांनी पोवाडा सुरू केला आणि दुसऱ्या चौकाला खोली उभी राहिली. कोल्हापूर शाहिरांचे गाव आहे. शाहीर पिराजीराव सरनाईकांचा आवाज ऐकत मोठी झालेली माणसे त्या खोलीत बसली होती. पाचव्या मिनिटाला पिवळा दिवा लागला. शाहिरांनी माझ्याकडे पाहिले. मागून "होऊ दे, होऊ दे!" असा आवाज उठला. मी दिवा बंद केला.

पोवाडा १५ मिनिटे चालला. त्यांच्या गाण्याविषयी मला आजही आदरच आहे. परंतु त्यांच्यानंतरचे नाव एका १९ वर्षांच्या मुलीचे होते. तिची ती पहिलीच वेळ होती आणि कविता आजीच्या मोडक्या खलबत्त्याविषयी होती. तिने मला आधी दाखवली होती. टाळ्या, शिट्ट्या आणि "नाद खुळा" या गजरात ती जिन्याजवळ उभी होती. मी नाव पुकारण्याआधी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, माझं नाव काढा. आता माझं कोण ऐकणार?" मी समजूत घातली. ती थांबली नाही.

त्या रात्री बाकी सगळ्यांनी माझे अभिनंदन केले. आजवरची सर्वांत रंगलेली रात्र, असे मालक म्हणाले, आणि खोलीच्या दृष्टीने ते खरेही होते. मी मात्र घरी जाताना एवढाच विचार करत होतो की सहा मिनिटांचा नियम कुणासाठी होता. चांगल्या गाणाऱ्याला आवरण्यासाठी तो केलेला नव्हता. त्याच्यानंतर येणाऱ्या माणसापर्यंत खोली थोडीतरी शिल्लक राहावी, म्हणून तो केला होता, आणि ज्या क्षणी त्याची खरी गरज पडली त्याच क्षणी मी तो मोडला. पुढच्या वेळेपासून दोन बदल झाले. दिव्याचा ताबा मी माझ्याकडे न ठेवता स्वयंपाकघराच्या दारात बसणाऱ्या, गाण्यात रस नसलेल्या रोखपालांकडे दिला. आणि ज्याला जास्त वेळ हवा अशा शाहिराला, भजनी मंडळाला किंवा कथाकथनकाराला मध्यंतरानंतर २० मिनिटांची एक वेगळी बारी, महिन्यातून एकदा, आधी ठरवून दिली. त्या रात्री यादी १६ ऐवजी १३ जणांची असे. शाहिरांना ही व्यवस्था मी भीतभीत सांगितली. ते म्हणाले, "मला तवाच थांबवायचं हुतं की. मी काय रागावलो असतो व्हय?"

ध्वनिचित्रण

मार्चच्या पहिल्या मंगळवारी एका गृहिणीने घटस्फोटानंतरच्या दिवसांविषयी स्वतःचे लेखन वाचले. श्रोत्यांपैकी कुणीतरी ते मोबाईलवर टिपले आणि सकाळपर्यंत ते तिच्या माहेरच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात पोहोचले. टिपणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. "फार आवडलं म्हणून पाठवलं" असे त्याने नंतर कबूल केले. तिने मला फोनवर शांतपणे सांगितले की तिथे बसलेल्या ४० जणांना ऐकवायला तिची हरकत नव्हती, पण ते ४० जण तिने पाहून घेतले होते.

तेव्हापासून नियम असा आहे की सादरकर्त्याने स्वतःच्या माणसाला सांगितले असेल तरच चित्रण, अन्यथा नाही. आणि हे मी सुरुवातीला एकदा व मध्यंतरानंतर एकदा, अशा दोन वेळा जाहीर करतो. काही तरुण सादरकर्ते यावर नाराज झाले, कारण त्यांना रील हवे असते. त्यांची गरज खरी आहे, म्हणून वहीत नावापुढे 'चित्रण: हो / नाही' असा रकाना केला. बहुतेक नवखे 'नाही' लिहितात आणि तिसऱ्या-चौथ्या बारीला 'हो' लिहू लागतात. त्या बाई परत आलेल्या नाहीत. त्यांचे झालेले नुकसान भरून निघेल असा कोणताही नियम माझ्याकडे नाही.

सद्यःस्थिती

बारा रात्रींच्या अखेरीस वहीत ९१ वेगवेगळी नावे आहेत. त्यांतली ३४ एकाहून अधिक वेळा आलेली आहेत. माझ्या दृष्टीने दुसरा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यांदा माणूस धाडसाने येतो, दुसऱ्यांदा मात्र त्याला जी वागणूक मिळाली तिच्या जोरावर येतो. हुपरीचा तरुण सहाव्या रात्री आला. स्टँडच्या कडा धरून त्याने तीच कविता, शेवटच्या कडव्यासह, वाचली. त्याच रात्री त्याने दुसऱ्या एका मुलाला माईक ओठांपासून किती दूर धरायचा ते दाखवले. दोन बोटे आडवी धरून, माझ्यासारखेच.

परीक्षांमुळे एप्रिलमध्ये गर्दी ओसरली आणि २० मेच्या रात्री अवेळी पावसाने जिन्यावरून पाणी वाहत होते, तरी नऊ जण आले. ध्वनिसंच आता आमचा स्वतःचा, जुना घेतलेला आहे. चार महिन्यांच्या भाड्यात त्याची किंमत निघाली असती, हे आधी कळायला हवे होते.

मालकांनी आता शुक्रवारचा प्रस्ताव मांडला आहे. गर्दी दुप्पट होईल, असे ते म्हणतात आणि धंद्याच्या हिशेबाने ते बरोबर असावे. शुक्रवारी माडी मटणाच्या ताटांनी भरलेली असेल, मद्य वर न आणण्याचा नियम टिकणार नाही आणि तिसऱ्या बारीच्या माणसाला ती शांतता मिळणार नाही, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. त्यांचा निर्णय व्हायचा आहे. जूनच्या पहिल्या मंगळवारी वही साडेसहाला उघडेल. पावसामुळे २० मेच्या रात्री पोहोचू न शकलेल्या तिघांची नावे मी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बारीला आधीच लिहून ठेवली आहेत; त्यांतले एक नाव खलबत्त्याच्या कवितेचे आहे.